दोन ठिपक्यांमधली मोकळी जागा

मित्रांनो, माझ्या पाठीवर एका जुन्या वर्षाचे बारा महिने छापलेले आहेत आणि पोटावर काळे ठिपके आहेत. मी गिटार शिकवायचा तक्ता आहे. आता माझे कोपरे वाकले आहेत आणि अंगावर रश्श्याचे डाग पडले आहेत. पण माझी गोष्ट त्या डागांची नाही. ती मत्सराची आहे, आणि ती सांगताना मला लाज वाटते.

तोबा सरोवराच्या काठी बालिगे गावात मारिहोत सिआहान नावाचे गिटारमास्तर राहतात. चर्चमधून मिळालेले मोठे कॅलेंडर वर्ष सरल्यावर त्यांनी उलटे केले, जेवणाच्या टेबलावर पसरले, चार कोपऱ्यांवर कॉफीचे चार पेले ठेवले आणि फूटपट्टीने रेघा ओढल्या. सहा आडव्या रेघा म्हणजे तारा. उभ्या रेघा म्हणजे गिटारच्या गळ्यावरचे पडदे. जिथे बोट ठेवायचे तिथे जाड काळा ठिपका. बहुतेक गाण्यांना चालतील असे पाच सूर त्यांनी निवडले आणि ते गळ्यावर खालपासून वरपर्यंत कुठे कुठे सापडतात, ते माझ्यावर मांडले. मग वरून प्लास्टिक चढवले आणि मला पुढच्या खोलीत खिडकीशेजारी टांगले.

गाण्याच्या मध्यावर गायक थांबतो आणि गिटारवाल्याला मनाने काही वाजवायचे असते, तेव्हा नवशिक्या गांगरतो. कोणता सूर घ्यावा ते त्याला सुचत नाही. मास्तर अशा वेळी माझ्याकडे बोट दाखवायचे. "घाबरतोस कशाला? तक्त्याकडे बघ. ठिपक्यांवर राहिलास तर बुडणार नाहीस. गाण्याची पट्टी बदलली तर सगळे ठिपके तेवढेच सरकव, झालं."

किती मुलेमुली माझ्यासमोर बसून गेली! एकाने माझी नक्कल काढून मेदान शहरात नेली आणि तिथल्या मोठ्या बँडमध्ये तो वाजवू लागला. दिवाणखान्यात मास्तरांच्या आजोबांचा फोटो होता, पण लोक माझ्याकडेच जास्त बघत. मी फुगून गेलो होतो.

मग लामरिया आली.

ती मास्तरांची भाची. त्यांची धाकटी बहीण रोसिंता बाजारात गोमाक विकते, म्हणजे नारळाच्या झणझणीत रश्श्यातल्या जाड नूडल्स. बावीस वर्षांची लामरिया सकाळभर आईबरोबर तिथे राबायची आणि दुपारी मामाकडे शिकायला यायची. तिच्या बोटांना मिरचीचा वास असायचा. ती माझ्यासमोर बसायची, पण माझ्याकडे बघायची नाही. डोळे मिटायची, गाण्यावर हलकेच गुणगुणायची आणि गुणगुणलेला सूर तारेवर शोधून काढायची. बहुतेक वेळा तो माझ्याच ठिपक्यावर सापडायचा. तेच मला जास्त झोंबायचे. जे इतरांकडून मी महिनोन्‌महिने पाठ करून घेतले, ते हिला मला न विचारता कसे मिळते? ती वाजवायला लागली की मला वाटायचे, कोणीतरी खिडकी उघडावी, वारा यावा आणि तिचे कागद उडून जावेत. पण तिच्याकडे कागदच नव्हते.

मास्तर तिची स्तुती करत, पण ती स्तुती दिवसेंदिवस आखडत गेली. आधी "वा!" म्हणायचे, मग "ठीक", मग नुसते "हं".

त्याच सुमारास पारापातच्या सरोवराकाठच्या हॉटेलात संध्याकाळी गाणाऱ्या होतलानच्या बँडला गिटारवाला हवा होता. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून तिथे गेले. दुपारपर्यंत परतही आले. रोसिंता वाटच पाहत बसली होती.

"काय रे दादा, काय म्हणाले?"

"म्हणाले, मास्तर, चूक कुठेच नाही. पण तुम्ही पुढे काय वाजवणार ते आम्हाला आधीच कळतं."

एवढे बोलून त्यांनी गिटार पेटीत ठेवली. आठ दिवसांनी होतलानचा निरोप आला. त्याने एका लग्नात लामरियाला ऐकले होते. तिने शनिवारी येऊन वाजवून दाखवावे. मास्तरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप जरा जोरातच बसली.

वाजवायचे होते त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी असलेले बोटीचे गाणे. शेवटची बोट सुटते आणि धक्क्यावरची मुलगी हात हलवायचे विसरते, असे ते गाणे. चाल सोपी, पण तिसऱ्या ओळीला गाण्याखाली वाजणारी कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, अचानक उदास होते. हसता हसता कोणी मान खाली घालावी तशी. शुक्रवारी दुपारी लामरिया तिथेच अडली.

"मामा, या ओळीला तक्त्यातला हा सूर बोचतो. ऐका." तिने माझ्यावरच्या ठिपक्याचा सूर वाजवला. तो खरोखरच बोचला. "आणि आता हा ऐका."

तिने बोट एक पडदा खाली सरकवले. माझ्यावर तिथे काही नाही. दोन काळ्या ठिपक्यांच्या मधला कोरा चौकोन. पण तो सूर त्या उदास कॉर्डमध्ये असा जाऊन बसला की खिडकीबाहेर जाळे विणणाऱ्या शेजाऱ्याने मान वर केली. ताल धरणारा मास्तरांचा पाय थांबला.

"हा घेऊ का, मामा?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. "तक्त्यात आहे का तो?"

"नाही."

"मग नाही घ्यायचा. तिथे मोठे लोक असतात, पोरी. लग्नातले आचारी नव्हेत. आपले पाच सूर धरून राहा."

"नक्की?"

"तुझा मामा सांगतोय."

आमच्या बाताक लोकांत मामाचा शब्द म्हणजे काय, हे मी तुम्हाला कसे सांगू? लग्नात वधूवरांच्या खांद्यावर शाल घालून आशीर्वाद देतो तो मामाच. त्याचा शब्द मोडून कोणी घराबाहेर पडत नाही. लामरिया "बरं" म्हणाली. आणि मी? तिचे तोंड उतरलेले पाहून मला आनंद झाला. शेवटी आलीस ना माझ्याकडे, असे मी मनात म्हणालो. मास्तर खोटे बोलले हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होते, त्यांना आणि मला. निदान मला तेव्हा तसे वाटले.

रविवारी ती मास्तरांकडून नेलेला गिटारचा पट्टा परत द्यायला आली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारले.

"तिसऱ्या ओळीला होतलानने तोंड वाकडं केलं. ड्रमवाला तर माझ्याकडे बघेचना. शेवटी होतलान म्हणाला, लग्नात वाजवलंस ते कुठं ठेवून आलीस?"

"पुढच्या वेळी होईल."

"हो, मामा."

तिने पट्टा खुंटीला अडकवला आणि ती गेली. नंतर ती शिकायला आलीच नाही. पहिला दिवस मी मजेत काढला. दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर रिकामी राहू लागली. बाकीची मुले यायची, ठिपके मोजायची, जायची. सगळे बरोबर वाजायचे. पण ती गेल्यापासून शेजाऱ्याने एकदाही जाळ्यावरून मान वर केली नाही. मास्तर मुलांवर विनाकारण खेकसायचे आणि मग कॉफी गार होईपर्यंत पेल्यात बघत बसायचे.

महिनाभराने चर्च सुटल्यावर रोसिंता मसाल्यात शिजवलेला मासा घेऊन आली. डबा ठेवला, पण बसली नाही.

"दादा, पोरीने गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. विचारलं तर म्हणते, माझा कान खोटा आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तू सांग, तिचा कान खोटा आहे?"

मास्तरांनी डब्याचे झाकण उघडले.

"विचारतेय मी. तू तिचा मामा आहेस. तू म्हणालास तर मीही तिला सांगते, सोड ते, नूडल्स वळ."

मास्तर उठले. त्यांनी मला खिळ्यावरून काढले, गुंडाळी केली आणि काखेत मारली. जेवण तसेच राहिले.

बाजारात दुपारची गर्दी होती. रोसिंताच्या बाकावर बसलेला एक मासेवाला ओरडला, "काय मास्तर, आज कॅलेंडरात बांधून नूडल्स नेणार का?" सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते सरळ लामरियासमोर उभे राहिले. तिच्या हातात वाफाळता डाव होता.

"त्या शुक्रवारी तू वाजवलास तो सूर बरोबर होता," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "ऐकल्याबरोबर मला कळलं होतं. तरी मी नाही म्हटलं. मला घेतलं नाही आणि तुला बोलावलं, ते माझ्या पोटात दुखत होतं."

 मासेवाल्याने वाटी खाली ठेवली.

"मला माहीत होतं, मामा," लामरिया म्हणाली. "तुमचा पाय थांबला होता."

"मग तिथे तोच का नाही घेतलास?"

"आणि चांगलं झालं असतं तर? घरी येऊन तुम्हाला काय सांगणार होते मी? मामा, तुमचं ऐकलं नाही म्हणून जमलं, असं?" तिने डाव पातेल्यात ठेवला. "नंतर वाटायला लागलं, मामा उगीच कशाला नाही म्हणेल? आपलाच कान फसला असेल."

"नाही फसला."

"ती जागा गेली. त्यांनी सिबोल्गाचा कोणीतरी घेतला."

"हो," मास्तर म्हणाले. "ती मला परत आणता येणार नाही."

त्यांनी मला बाकावर उलगडले आणि हिशेबाचे निळे पेन तिच्यापुढे धरले. "इथे काढ. तुझा सूर."

"मी नाही. तक्ता तुमचा आहे, तुम्ही काढा."

पेन प्लास्टिकवर चालेना. मास्तरांनी रोसिंताची सुरी घेतली आणि दोन ठिपक्यांच्या मधल्या चौकोनावरचे तेवढेच प्लास्टिक कापून काढले. मित्रांनो, मला फार लागले. ते ठिपका भरायला लागले तेवढ्यात लामरियाने त्यांचा हात धरला.

"भरू नका. तो रोजचा सूर नाही. कॉर्ड उदास होते तेवढ्यापुरताच. एरवी घेतला तर हाही बोचेल. नुसता गोल काढा."

मास्तरांनी नुसता गोल काढला. प्लास्टिकच्या कापलेल्या कडेला पेन अडल्यामुळे तो जरा वाकडा झाला. "मास्तरांना भाची शिकवतेय!" मासेवाला पुटपुटला. मास्तर म्हणाले, "शिकवतेच आहे. तू गिळ गुमान."

तिने लगेच माफ केले असे समजू नका. पंधरा दिवस ती त्यांच्याशी कामापुरतेच बोलली. मला मात्र तिने परत नेऊ दिले नाही, तिथल्याच खांबाला ठोकले. मग एका शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक ओसरल्यावर, तिने घरून गिटार आणली. मास्तरही आपली घेऊन आले आणि न विचारता खालच्या कॉर्ड वाजवू लागले. बोटीचे गाणे. तिसरी ओळ आली, मास्तरांचा हात त्या उदास कॉर्डवर गेला आणि त्यांनी माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघितले. ती माझ्या काळ्या ठिपक्यावरून निघाली, त्या वाकड्या गोलावर क्षणभर थांबली आणि परत माझ्याच ठिपक्यावर उतरली. भाजीवाल्या बायकांनी वजन करणे थांबवले.

होतलानकडून पुन्हा बोलावणे आले नाही. आता मामा-भाची गावच्या लग्नांत वाजवतात. कॉर्ड मास्तरांच्या, गायक थांबल्यावरचा सोलो तिचा.

माझा मत्सर गेला, असे मी म्हणणार नाही. आता बाजारातल्या दोन मुली लामरियाकडे शिकतात आणि त्यांचे बोट सगळ्यात आधी त्या निळ्या गोलावर जाते. माझे इतके सुबक काळे ठिपके तसेच बघत राहतात. मला अजूनही झोंबते. पण त्या मुली मध्येच डोळे मिटून गुणगुणू लागल्या की मी वाऱ्याची वाट पाहत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा तक्ता असेल तर त्याची घडी घालू नका, ओल लागू देऊ नका. घाबरलेल्या माणसाला तो खरोखर धीर देतो. एवढेच मागतो की कोणी तुमच्यासमोर सूर वाजवून "बरोबर आहे का?" असे विचारले, तर तक्त्याकडे बघू नका. त्याच्याकडे बघा आणि कानाला जे लागले तेच सांगा. तुमच्या पोटात दुखत असले, तरीही.