तळाशी उरलेलं पॉलिश

पॅकिंगवाल्या काकांनी सकाळपासून विमानाला न चालणाऱ्या वस्तूंचा कोपऱ्यात ढीग लावला होता. लायटर, नेलपॉलिश, अत्तराचे फवारे, जुनी बॅटरी. विमानाला कशाचीही भीती वाटते, असं म्हणत ते एकेक वस्तू बाजूला टाकत होते. तिने कशालाच हरकत घेतली नाही. वडिलांच्या हत्यारांच्या पेटीतून त्यांनी बाटली उचलली, तेव्हा मात्र ती पुढे झाली.

वडील लाकडाला पॉलिश करायचे. चार महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांनी स्वतः कालवलेलं हे शेवटचं पॉलिश, जेमतेम पाव बाटली. परदेशी जाताना तिला खरं तर एवढंच न्यायचं होतं.

बाटलीवरची चिठ्ठी खरवडून 'केसांचं तेल' लिहावं, असं कालच तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण नख लावलं आणि वडिलांचं ठसठशीत अक्षर समोर आलं: 'लाख आणि स्पिरिट. पेट घेतं. विस्तवापासून लांब.' खाली तारीख. घरातल्या प्रत्येक बाटलीवर ते असंच लिहीत. तिचा हात धजला नाही.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. बावीस वर्षं लोकांचे संसार बांधतोय, ते म्हणाले, लोक थिनरलाही गुलाबपाणी म्हणतात. इतकं खरं लिहिणारा माणूस पहिलाच. मग त्यांनी पेटीवर हात फिरवला.

"पॉलिशवाल्याची पेटी, आणि ही कोरडी कशी?"

"लोकांची कामं आधी. हिची पाळी पुढच्या महिन्यात, म्हणायचे. दरवर्षी."

काका हसले. "ताई, स्पिरिट उडून जातं. बाटलीत आहे तोवर मी हात लावणार नाही. लाकडावर वाळलं की ती नुसती पेटी. परवा येतो."

तिने कापसाचा बोळा मऊ कापडात बांधला, पॉलिशमध्ये बुडवला आणि पेटीवर फिरवायला लागली. हात थांबवायचा नाही, थांबला की डाग पडतो, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. तरी एका कोपऱ्याशी हात थांबलाच. वडिलांनी घासून पुन्हा करायला लावलं असतं. तिने घासलं, पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली रिकामी झाली.

काका आले. पेटीचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला, कडेवर अंगठा फिरवला, मग तो कोपरा उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. यादीत लिहिलं: 'लाकडी पेटी, एक. लाखेचं पॉलिश, पूर्ण वाळलेलं.'

यादीत तारखेला रकाना नव्हता. तरी त्यांनी खाली तारीख घातली.