देवाला न दाखवलेलं तेल

राणीच्या ज्युबिलीच्या साली कल्याणात आमच्या सुमतीला क्षयानं धरलं. सुमती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, हरिहरची बायको. नवरा गेल्यापासून मी माहेरीच होते, आणि सोवळ्यातला स्वयंपाक, देवाचा नैवेद्य सगळं माझ्याकडे असे.

सुमतीचा एक नेम होता. बाळकृष्णाला दाखवल्याशिवाय ती तोंडात काही घालीत नसे. भातच काय, काढासुद्धा. अंथरूण धरलं तेव्हा मला म्हणाली, वन्सं, माझ्याच्यानं आता देवघरापर्यंत जाववत नाही, माझ्या वतीनं तुम्ही दाखवत जा. तेव्हापासून मी वैद्यबुवांची मात्रा उगाळायची, वर तुळशीचं पान ठेवून देवापुढे धरायची आणि मग तिला चाटवायची.

गुण काही येईना. वैशाखापर्यंत ती इतकी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत सरकत. आपल्या पोरीला जवळ घ्यायला जावं तर खोकल्याची उबळ यायची आणि पोर घाबरून माझ्या आईकडे, म्हणजे तिच्या आजीकडे, पळायची.

हरिहर ठाण्यास कचेरीत होता. शेवटी त्यानं तिथल्या एका डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी छाती तपासली आणि ओटीवर येऊन सांगितलं की अंगानं थोडी भरली तर पावसाळा काढेल, नाहीतर कठीण आहे. जाताना तेलाची एक बाटली दिली. हरिहरनं बूच काढलं आणि कोळणीनं दारात पाटी उतरवावी तसा वास ओटीभर पसरला. काय आहे ते कुणाला विचारावं लागलं नाही.

आईनं पदर नाकाला लावला. ही बाटली उंबऱ्याच्या आत यायची नाही, म्हणाली. हरिहरनं विचारलं, वैद्यबुवांच्या मात्रेतली कस्तुरी काय झाडाला लागते? हरणाच्या बेंबीतलीच ना? त्यावर आई म्हणाली, ती देवाच्या कपाळाला लागते, हे तेल लावून दाखव. "मग मत्स्यावतार समज आणि दे," तो म्हणाला, पण हसला नाही. आई उंबऱ्यातून बाजूला झाली. आतून खोकला ऐकू येत होता.

थोड्या वेळानं तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अक्का, तिला एवढंच सांग की देवाला दाखवलंय. तुझ्या शब्दावर ती विष पिईल."

तेच तर होतं. मी चमचाभर तेल वाटीत ओतलं आणि देवघराच्या दाराशी गेले. पाऊल आत पडेना. हे बाळकृष्णापुढे कसं धरू? आणि न धरता धरलं म्हणून सांगितलं, तर तिचा नेम तिच्या नकळत माझ्या हातून मोडणार. पण वाटी ओतून टाकली तर पावसाळा तोंडावर होता. देवा, तूच सांग, म्हटलं. समई जळत होती, एवढंच.

वाटी घेऊन मी तशीच तिच्याकडे गेले.

"दाखवलंत, वन्सं?"

"नाही गं. माशाच्या काळजाचं तेल आहे ते."

पडवीत पोर आजीपाशी कसलासा हट्ट करत होती. तिकडे कान देऊन सुमतीनं विचारलं, ह्यानं मी जगेन का? डॉक्टर म्हणालेत, जगलीस तर ह्यानंच, असं मी सांगितलं.

"मग देवाला नका दाखवू. त्याला कशाला ह्यात ओढायचं? मला द्या."

डोळे मिटून ती प्यायली. पोटातून उलटून येऊ लागलं तशी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, तरी डोळ्यांतून पाणी आलंच. मी धावत जाऊन तीर्थाची पळी आणली. तोंड तरी शुद्ध होईल, म्हटलं. तिनं भिंतीकडे मान फिरवली.

"आता ह्या तोंडात ते नका घालू."

मी पळी मागे घेतली. दम घेत, भिंतीकडे बघतच तिनं विचारलं, पुढचा चमचा कधी द्यायचा सांगितलाय.