भाग्यश्रीच्या फेऱ्या

सेंट यूलालिया हायस्कूलचं मैदान म्हणजे काळी माती आणि वर आलेले खडे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. दर वर्षी कुणाचा ना कुणाचा गुडघा फुटायचा. खेळाची शिक्षिका मंजुषा साळवे प्रिन्सिपल सिस्टर क्लेमेन्शियांच्या मागेच लागली, तेव्हा कुठे नव्या धावपट्टीचं ठरलं. पैसे दौडीतून उभे करायचे. मुलं मैदानाला फेऱ्या मारणार आणि पालक, चर्चची माणसं, आसपासचे दुकानदार आपण निवडलेल्या मुलाच्या प्रत्येक फेरीमागे देणगी देणार.

दौडीच्या आधी एकदा ललिता शेजवळ शाळेत आल्या. साठीच्या, नीटनेटक्या. नवरा ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेला.

"माझी मुलगी धावणार आहे," त्या मंजुषाला म्हणाल्या. "भाग्यश्री. जेवढ्या फेऱ्या मारेल, तेवढ्यांचे देईन."

"कितवीत आहे?"

"नववीत."

या वयाच्या बाईची मुलगी नववीत? नात म्हणायचं असेल, असं मंजुषाला वाटलं. शाळेत भाग्यश्री नावाच्या मुली होत्याच. तिने हसून मान डोलावली.

दौड शनिवारी सकाळी सुरू झाली. हवेत गारवा होता, मुलं ओरडत, एकमेकांना ढकलत पळत होती. ललिताताई वळणापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मंजुषाचं लक्ष सारखं त्यांच्याकडे जात होतं. पळणाऱ्या मुलांबरोबर त्यांची मान फिरत होती, पण नजर मुलांवर नव्हती. सगळ्यात पुढे दहावीतला समर्थ होता आणि त्याच्याही पुढच्या मोकळ्या जागेवर त्यांची नजर खिळली होती.

हळूहळू ओरडणं थांबलं. मुलं एका तालात पळायला लागली. टाळ्या वाजवणारे पालकही गप्प झाले.

वेळ संपली. मंजुषाने शिट्टी फुंकली. कुणी थांबलं नाही.

तिने पुन्हा फुंकली. मग ती धावतच समर्थच्या बाजूला गेली. त्याचे ओठ सुकले होते, डोळे समोर लागले होते.

"समर्थ! शिट्टी ऐकू नाही आली?"

"पुढची थांबत नाहीये, टीचर," तो धापा टाकत म्हणाला. "आम्ही कसं थांबू?"

मंजुषाने पुढे पाहिलं. कुणी नव्हतं. पण तिथल्या मातीतून धूळ उडत होती. जरा इथे, मग पुढे, मग आणखी पुढे. पाऊल पडावं तशी.

ती धावत सिस्टरांकडे आली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"खूप वर्षं झाली. मी तेव्हा इथे नवीन होते," सिस्टर पुटपुटल्या. "एक मुलगी जिल्हा स्पर्धेची तयारी करत होती. ‘मी सांगेपर्यंत थांबायचं नाही’, असं खेळाच्या सरांनी तिला बजावलं आणि ते ऑफिसात गेले. तिथे कुणीतरी भेटलं, बोलत बसले. बाहेर एप्रिलचं ऊन. पोरगी शब्दाला पक्की. पडेपर्यंत पळत राहिली. दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता."

"नाव काय तिचं?"

सिस्टरांनी ललिताताईंकडे पाहिलं. मंजुषा समजली.

एक छोटी मुलगी ठेचकाळून पडली आणि तशीच उठून पुन्हा पळायला लागली. पालक हाका मारत होते, एक बाप मुलाला कवेत घेऊन ओढत होता, पोराचे पाय हवेतच पळत होते. मंजुषा मैदानात शिरली आणि धुळीच्या वाटेत दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"भाग्यश्री! थांब बाळ. झालं तुझं. आता थांबायचं."

धूळ तिच्या पुढ्यात येऊन थांबली. तापलेल्या तव्यावरून यावी तशी वाफ तिच्या गळ्याला लागली. मागे मुलं धपाधप खाली बसली. कुणी रडत होतं, कुणी पाणी मागत होतं.

ललिताताई तिच्याजवळ आल्या. "कशाला थांबवलंत? इतक्या वर्षांनी दिसली होती."

मंजुषा पाणी मागणाऱ्या मुलांकडे वळली.

तरीही ललिताताईंनी देणगी दिली. दिवाळीच्या सुट्टीत तांबडी धावपट्टी झाली. शाळा उघडली त्या दिवशी, मुलं यायच्या आधी, ललिताताई पट्टीच्या कडेला उभ्या होत्या.

"ती तुमचं ऐकते," त्या मंजुषाला म्हणाल्या. "मला नुसती दिसली. एकदा हाक मारा ना. पळ म्हणा तिला."

"नाही, ललिताताई. पळ असं मी तिला कधीच म्हणणार नाही."

ललिताताईंनी खाली पाहिलं. मंजुषा रिकाम्या पट्टीकडे वळली.

"भाग्यश्री, ये. आईबरोबर चाल."

मंजुषा आणि ललिताताई पट्टीवरून चालू लागल्या. थोड्या वेळाने ललिताताई न सांगताच बाजूला सरकल्या, मधे एक माणूस मावेल एवढी जागा राहिली. मंजुषाच्या त्या बाजूच्या दंडाला ऊब लागत होती, नुकतं धावून आलेलं कुणी शेजारी उभं राहिलं की लागते तशी. तिने मान वळवली नाही.

वळणावर ललिताताई हलकेच म्हणाल्या, "हळू चाल. घाई नाही आता."

त्या मंजुषाशी बोलत नव्हत्या.