म्हातारीची नक्कल – शेवटची, खरंच शेवटची

मित्रांनो, मी एका जुन्या विमानाची नक्कल आहे. मला पत्रा नाही, चाकं नाहीत, पेट्रोलचा वास नाही. माझ्या पोटात नुसते आकडे आहेत: पंखांची उचल किती, हवेचा अडथळा किती, शेपटीत जोर किती. सिम्युलेटरमध्ये हे आकडे घातले की पडद्यावर दोन सीटचं एक पांढरं विमान उडतं. ते उडणं म्हणजे मी.

माझी गोष्ट सरळ सांगता येणार नाही, कारण मी सरळ जगलेच नाही. दर वेळी मला नव्या नावानं साठवलं गेलं. तेव्हा त्या नावांनीच सांगते.

म्हातारी

खरी म्हातारी फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये असते. तिथलं सगळ्यांत जुनं विमान, म्हणून म्हातारी. तिच्यावर आत्यांनी, क्लबच्या जुन्या प्रशिक्षिकेनं, केस पिकेपर्यंत लोकांना उडायला शिकवलं. मग डॉक्टरांनी त्यांचे कान तपासले. तोल सांभाळणारा आतला भाग बिघडलाय म्हणाले, आता विमानात बसायचं नाही.

आत्या घरी बसल्या. घरी बसलेल्या आत्या म्हणजे काय, ते घरच्यांना विचारा. भाऊ गाडी मागे घेऊ लागला की खिडकीतून सूचना. कुणी जिना उतरू लागलं की, "वेग बघ, वेग!"

क्लबच्या मुख्य प्रशिक्षकांनी एक वाट काढली. ते स्वतः आत्यांचेच जुने विद्यार्थी. म्हणाले, "मॅडम, क्लबच्या मागच्या खोलीत सिम्युलेटर बसवू. त्यावर तुम्ही शिकवा. पण ते म्हातारीसारखंच उडायला हवं, नाहीतर पोरं भलतंच शिकतील. रविवारी मी उडवून बघतो. जमलं तर जमलं."

म्हणजे रविवारी मी पसंत पडले, तर आत्यांना पुन्हा शिकवायला मिळणार. नाहीतर आहेच खिडकी.

मला घडवलं आत्यांच्या भाचीनं. ती सॉफ्टवेअरमध्ये काम करते. म्हातारी किती वेळात वर चढते, इंजिन मंद केलं तर किती वेगानं खाली येते, हे तिनं क्लबच्या वैमानिकांकडून मोजून घेतलं. मग नाकावरच्या पंख्याचा जोर थोडा कमी, अडथळा कणभर जास्त. पुन्हा उडव, पुन्हा मोज. भाजीत मीठ घालावं तसे ती माझ्यात चिमटीनं आकडे घालत होती. एका दुपारी माझं चढणं आणि खऱ्या म्हातारीचं चढणं तंतोतंत जुळलं, तेव्हा ती खुर्चीसकट गोल फिरली.

म्हातारी_शेवटची

आत्या टेबलाशी बसल्या. जॉयस्टिक उजव्या हातात, इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा थ्रॉटल डाव्या, पायांखाली नाक डावीउजवीकडे वळवणारी पेडल्स. आम्ही उडालो. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं.

"अगं, ही तर हुबेहूब!" आत्या म्हणाल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! धावपट्टी समोर आली. आम्ही खाली, आणखी खाली. टेकता टेकता माझं नाक डावीकडे वळलं, चाकं आडवी घासली, मी उसळले आणि

म्हातारी_शेवटची_२

गवतात गेले. वाक्य मध्येच तुटलं, माफ करा. आपटलं की माझं सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

"ही टेकताना तोंड फिरवते," आत्या म्हणाल्या.

"माझ्या हाती नाही फिरवत," भाची म्हणाली.

"म्हणजे मी फिरवते? इतकी वर्षं काय झोपाळा चालवला मी?"

"तसं नाही गं आत्या. करते दुरुस्त."

भाचीनं पंख्यामुळे डावीकडे बसणारी ओढ कमी केली. आत्या पुन्हा बसल्या. मी पुन्हा गवतात.

म्हातारी_शेवटची_खरंच

मग तिनं माझी शेपटी उजवीकडे ताणली. या नावानं जगताना मला नीट बोलताही येईना. म्हणजे मी समोर निघाले होते, पण उजवीकडे, नाही, समोरच, तरी उजवीकडे. काय सांगत होते मी?

हां. आत्यांच्या हाती माझं नाक तरीही डावीकडेच! भाचीच्या हाती मात्र आता मी उजवीकडच्या शेताकडे पळायचे. चढणंही बिघडलं. शनिवार उजाडला.

"आत्या, विकतचं तयार विमान टाकू का? हे पुसून टाकते."

"विकतचं म्हातारीसारखं उडेल का?"

भाची चहा आणायला गेली.

आत्यांनी एकट्यांनीच मला पुन्हा उडवलं. सवयीनं त्या मोठ्यानं शिकवू लागल्या. "नाक वर. हळू. अरे, पाय! पाय मेले का तुझे? माझ्याकडे काय बघतोस, धावपट्टी समोर आहे!"

भाची कप घेऊन दारात थबकली. आत्या मान वळवून डावीकडच्या कपाटाला झापत होत्या.

"आत्या, कपाटानं काय केलं?"

"कपाट कुठलं? विद्यार्थ्याला बोलतेय."

"तो डावीकडे बसतो?"

"मग काय पंखावर बसेल? डावी सीट शिकणाऱ्याची. मी कायम उजवीकडे."

भाचीनं कप कपाटावर ठेवला आणि कपाळावर हात मारला.

मित्रांनो, घोटाळा असा होता. उजव्या सीटवरून विमानाच्या नाकाचा मध्य थोडा डावीकडे दिसतो. आत्यांच्या डोळ्यांना तेच सरळ. पण भाचीनं पडद्यावरचा देखावा डाव्या सीटवरचा ठेवला होता. तिथून नाक उजवीकडे दिसायचं, आणि आत्या ते इमानेइतबारे ओढून डावीकडे आणायच्या. हातांनी कुणाला शंका येऊ दिली नाही. टेबलावर जॉयस्टिक आणि थ्रॉटल नेमके उजव्या सीटवर असतात तसे होते. चूक माझ्यात नव्हतीच!

नको

हे एका फोल्डरचं नाव. माझे पहिले, जुळलेले आकडे तिथे पडून होते. पुसायचे राहिले म्हणून वाचले. भाचीनं मला तिथून उचललं, देखावा उजव्या सीटवर नेला आणि डाव्या सीटवर माणसाएवढं वजन ठेवलं. आत्या एकट्या उडतच नसत. शेजारी कुणीतरी घाबरलेलं असायचंच.

आत्यांनी मला उतरवलं. मी टेकले ते त्यांना चाकांच्या आवाजावरूनच कळलं. त्यांनी भाचीचा गालगुच्चा घेतला.

रविवार

मुख्य प्रशिक्षक डाव्या खुर्चीत बसले, आत्या उजव्या. आज उडवणार ते, म्हणून देखावा डाव्या सीटचा. त्यांनी वर नेऊन माझा वेग मुद्दाम कमी कमी केला. उचल संपून खाली कोसळण्याआधी म्हातारी शेपटीतून थरथरते. मीही थरथरले. त्यांनी भुवया वर केल्या. मग उतरताना त्यांनीच मला दणकन आपटलं.

"अजून टेकताना श्वास कोंडतोस का रे?" आत्या म्हणाल्या.

"सॉरी मॅडम."

"सॉरी नको. फिरून ये."

मुख्य प्रशिक्षक मुकाट्यानं फिरून आले. पुन्हा आपटलं. पुन्हा फिरून आले. तिसऱ्यांदा मी अशी अलगद टेकले की त्यांना स्वतःलाच खरं वाटेना.

"मॅडम," कपाळ पुसत ते म्हणाले, "उद्या दोन जणांना पाठवू?"

"दोघांनाच?"

आता मागच्या खोलीत माझ्यापुढे रांग असते. तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे थोडं मागते. कुणी म्हणालं "हे नीट चालत नाही", तर लगेच पाना हाती घेऊ नका. आधी त्या माणसाच्या जागेवर बसून बघा. जुनी प्रत जपून ठेवा. आणि मला बिनधास्त आपटा. मला खरचटत नाही, मी पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी उभी असते. सगळ्या चुका माझ्यावर करून घ्या, आणि हँगरमधल्या खऱ्या म्हातारीला हळूच टेकवा.