टोकात कोंबलेला कागद

मी जोडा बोलतोय. उजव्या पायाचा. डावा पण आहे, पण तो बोलत नाही, तो जन्माचा गरीब. बोलायचं काम माझ्याकडे, आणि उडायचंही.

उडायचं म्हणजे काय ते सांगतो. माझा मालक वेल्डिंग करतो. गेट, जिने, खिडक्यांच्या जाळ्या. लोक त्याला ठिणगी म्हणतात, आणि ते कामामुळे नाही. डोकं तापलं की त्याचा हात खाली येतो, मला पायातून काढतो आणि फेकतो. आजवर मी कुत्र्यावर उडालोय, रेडिओवर उडालोय, एकदा तर गिऱ्हाइकाच्या टोपीवर. त्याच्या पोरीच्या अंगाला मात्र कधी लागलो नाही, दरवेळी दारावर आपटलो. दारावर माझ्या टाचेचे नऊ खड्डे आहेत. नेम चुकायचा की ठिणगी चुकवायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

चांभारानं मला जाड कातड्याचा केला, तळाला टायर लावला. चांगला दणकट. ठिणगीच्या पायाला मी एक नंबर मोठा होतो. चांभार म्हणाला, "बारका देतो की." ठिणगी म्हणाला, "असू दे, मोठाच टिकतो." टिकण्याचा आणि मापाचा काय संबंध, ते त्यालाच माहीत! चाळिशीतला माणूस, पाय थोडाच वाढणार होता? तेव्हापासून तो माझ्या टोकात कागद कोंबतो. हाताला लागेल तो. वर्तमानपत्र, पिशवी, पत्रिका, काहीही. कागद म्हणजे त्याच्या लेखी बुटात भरायची वस्तू.

ही खोड लक्षात ठेवा. याच खोडीनं घात होता होता राहिला.

एका सोमवारी दुपारी शाळेतून फोन आला. ठिणगी हातातलं काम टाकून तरातरा निघाला. मोठ्या बाईंच्या खोलीत मी टेबलाखाली होतो, तिथून मला पायच दिसतात. बाईंचे काळे बूट, पॉलिश केलेले, शांत. पोरीचा एक पाय बुटात आणि एक नुसत्या मोज्यात.

"तुमच्या मुलीनं वर्गातल्या मुलाला बुटानं मारलं," बाई म्हणाल्या. "भुवई फुटली त्याची. आठ दिवस शाळेत यायचं नाही. हे पत्र नीट वाचा आणि सही करा."

टेबलावर कागद वाजला. ठिणगीचा अंगठा माझ्या आत आकसला. मला कळलं. वरून लोकांना वाटलं असेल, माणूस वाचतोय.

"समजलं ना?"

"न समजायला काय झालं?" ठिणगी गरजला. सही केली, तेवढी त्याला येते. "आणि आठ दिवस कशाला? कायमचंच नाव काढून टाका! गरज नाही आम्हाला!"

कोपऱ्यातून कारकून लगेच म्हणाला, "तसा अर्ज आणून द्या."

बघा, आग लावायला काडी एकाचीच लागते, पण फुंकणारा दुसरा तयारच असतो.

घरी जाताना मी पायातून निसटायला लागलो, आतला कागद झिजला होता. ठिणगीनं खिशातून शाळेचं पत्र काढलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या टोकात ठासलं. त्याच्या मते त्यात शिव्याच असणार. त्या तो ऐकून आला होता, मग जपून काय करायचं?

दारात आल्या आल्या मी त्याच्या हातात. पोर समोर उभी. पळाली नाही.

"हाणा बाबा," ती म्हणाली. "मी पण असाच काढला. असाच उगारला."

मी हवेत तसाच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कातड्याची लाज वाटली. पोर इतकी वर्षं ज्याच्याकडे बघून शिकली तो मी होतो की!

पोरीची आई आतून आली. "अहो, आधी विचारा तरी, का मारलं ते!"

"का मारलंस गं?"

"तो म्हणाला, पालकांच्या सभेत तुझ्या बापानं फॉर्म उलटा धरला होता. सगळा वर्ग हसला."

ठिणगीनं मला हळूच खाली ठेवलं. हळूच! मला तर असं कुणी कधी ठेवलंच नव्हतं. पण अक्कल एवढ्यात येते होय? रात्री जेवताना परत सुरू. "अशा शाळेत जायचंच नाही. उद्यापासून दुकानात बस, लोखंड घास. अर्ज मी देतो."

पोर मंगळवार, बुधवार लोखंड घासत बसली. ठिणगी शेजाऱ्याला सांगत होता, "हात बरा आहे पोरीचा." मला वाटत होतं, याच्या नडगीवर आपण आपले आपणच उडावं.

गुरुवारी माझा वास पोरीच्या आईला सहन झाला नाही. मला उन्हात टाकायचं म्हणून तिनं टोकातला गोळा ओढला. घामानं भिजलेला, पण वर शाळेचा शिक्का.

"अहो, हे काय?"

"कागद."

"शाळेचा कागद बुटात घालता? धन्य आहे तुमची! वाच गं पोरी."

पोरीनं तो मांडीवर सपाट केला. "शुक्रवारी सकाळी दहा वाजता पालकांनी मुलीला घेऊन यावे. तिची बाजू ऐकून पुढचा निर्णय होईल. आठ दिवसांचा अभ्यास वर्गाच्या बाईंकडून घेऊन जावा." ती थांबली. "बाबा, शुक्रवार उद्याच आहे. तुम्ही सांगितलं का नाही?"

ठिणगी जमिनीकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडेच.

"मला वाचता आलं नाही," तो म्हणाला. "तो पोरगा खोटं नाही बोलला."

कुणी हसलं नाही. पोर त्याच्या बाजूला सरकली आणि म्हणाली, "परत वाचते. हळू वाचते."

शुक्रवारी माझ्या टोकात काही नव्हतं, पत्र पोरीच्या हातात होतं. मी फटाक फटाक वाजत गेलो, सगळ्या शाळेला कळलं कोण आलंय ते. मोठ्या बाईंनी नवा कागद पुढे केला. ठिणगीचा अंगठा परत आकसला, मग सैल झाला.

"बाई, मोठ्यानं वाचून दाखवा. मला येत नाही. आणि एक लिहून घ्या, जोडा उगारायचं तिला मी शिकवलं. नाव काढायचं जे बोललो, ते डोकं बोललं. मी नाही."

मग पोर बोलली, सगळं. त्या मुलालाही बोलावलं. पोरीनं माफी मागितली, मुलानं पण पुटपुटत मागितली. बाई म्हणाल्या, "आठ दिवस ते आठच राहतील. पण नाव राहतंय." पोरीचे दोन्ही पाय त्या दिवशी बुटात होते, आणि टाचा जागेवर उड्या मारत होत्या.

आता मी म्हातारा झालोय. टायर झिजला, शिवण उसवली. पण आईबापांनो, तुमच्या पोराला शाळेनं घरी बसवलं ना, तर या जोड्याचं ऐका. आधी पोराला विचारा. कागद वाचा, येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या, त्यात लाज कसली? कधी बोलावलंय ते बघा आणि जा. घरी पोराला अभ्यासाला बसवा. आणि तापलेल्या डोक्यानं शाळेत कायमचं काही बोलून येऊ नका. फेकलेला जोडा परत आणता येतो, पोराची गेलेली वर्षं कुठून आणाल?

ठिणगी अजून तापतो. हात खाली येतो, माझ्या टाचेपर्यंत येतो, आणि तिथंच खाजवून वर जातो. दारावर दहावा खड्डा पडलेला नाही.

माझ्या टोकात आता चिंधी असते. घरात कागद आला, मग तो साधा जाहिरातीचा का असेना, की ठिणगी दारातूनच ओरडतो, "ए पोरी, ये इकडं, वाच!"