सोळावी जागा

‘जोडता आले नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

टीव्हीच्या निळ्या पडद्यावर ही ओळ नवव्यांदा उमटली. मंजुश्रीने नवव्यांदा रिमोटचं बटण दाबलं. मधोमध गोल चाक फिरू लागलं. फिरताना ते दर वेळी मोठी आशा लावायचं.

“साकु गं, बास कर,” तिची आई कमलम्मा चौकटीला टेकून म्हणाल्या. उदगीरला येऊन पंचेचाळीस वर्षं झाली, तरी दमल्या की त्यांच्या तोंडी माहेरची कानडी यायची. “सकाळच्यानं त्याच्यासमोरच बसलीस. भाकरीबी तशीच पडली. न्हाई दिसली तर न्हाई दिसली मालिका. मी काय उपाशी मरून राहिले?”

“अव्वा, तू मागितलंस ना?”

“मागितलं न्हाई. इचारलं.”

विचारलं होतं, हे खरं. अप्पा जाऊन तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत अव्वाने फोनवर स्वतःहून काही म्हणून विचारलं नव्हतं. नांदेडहून मंजुश्रीच विचारायची, आणि पलीकडून ‘हाव’ आणि ‘न्हाई’ एवढंच यायचं. गेल्या मंगळवारी मात्र फोन ठेवता ठेवता अव्वा म्हणाली, “माझी कानडी मालिका आता कुठं दिसती का गं?” मंजुश्रीने दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या लायब्ररीतून परस्पर दुकान गाठलं, टीव्हीच्या मागे लावायचा हा काळा ठोकळा घेतला आणि दोन दिवसांची रजा टाकली. मालिका सात वाजता लागायची. उद्या पहाटेची बस होती. तिला आजच्या सातला अव्वा टीव्हीसमोर बसलेली बघायची होती, बाकी काही नको होतं.

हा टीव्ही तीन महिने मुका होता. त्याआधी तीस वर्षं या घरातूनच अर्ध्या मोंढ्याला, बाजाराच्या सगळ्या वस्तीला, टीव्ही दिसायचा. पुढच्या खोलीत अप्पांची, म्हणजे संगप्पांची, केबलची कंट्रोल रूम होती. रात्रंदिवस घरघरणारी यंत्रं, गच्चीवर तीन मोठ्या छत्र्या आणि तिथून गल्लोगल्ली गेलेली काळी वायर. बायकोसाठी म्हणून त्यांनी एक कानडी वाहिनी लाइनीवर घातली होती. पुढे घरोघरी लहान डिश आल्या, गिऱ्हाइकं गळत गेली, पण संगप्पांनी यंत्रं बंद केली नाहीत. ते गेल्यावर ती आपोआप बंद पडली. छत्र्या भंगारात गेल्या. उरलेली पाच-पन्नास घरं माणिकप्पांनी दुसऱ्याच्या लाइनीला जोडून दिली.

ते माणिकप्पाच आता पायऱ्या चढून आले. वीस वर्षं ते संगप्पांबरोबर खांबांवर चढले होते. खिशात अजून पक्कड असायची.

“काय म्हन्तोय तुमचा डबा?” त्यांनी विचारलं.

“नाव दाखवतो, पासवर्ड घेतो आणि मग नाही म्हणतो.”

“डबाच खराब हाय. परत करा दुकानात.”

“माझ्या फोनला हेच वायफाय लागतंय, काका.”

“मंग तर डबाच खराब!”

लहानपणी सुटीत मंजुश्री अप्पांच्या मागे लूनावर बसून तक्रारींवर जायची. लोक दारातच सांगायचे, टीव्ही बिघडला. अप्पा टीव्हीकडे बघायचेसुद्धा नाहीत. लाइनीच्या मधल्या खांबावर चढायचे, वायर सोडायचे आणि तिथे मीटर लावायचे. ‘निम्म्यात तोड,’ ते म्हणायचे. ‘निम्मी चांगली निघाली की राहिलेल्या निम्मीत बिघाड. मग तिलाबी निम्मं कर. माणूस अंदाज करून दमतो, निम्मं करून दमत न्हाई.’

तिने स्वतःच्या फोनवरचं नेट ठोकळ्याला द्यायचं ठरवलं. पण दोन्ही बाजूंना डाळ मिलची गोदामं असल्याने खालच्या घरात फोनला रेंज यायची नाही. ती खिडकीच्या कठड्यावर चढली, गजांतून हात बाहेर काढून फोन धरला. “काका, आता बघा.”

चाक फिरलं, थांबलं आणि पडद्यावर रंगीत चौकोनांची रांग उघडली.

“आलं की!” माणिकप्पा ओरडले. तेवढ्यात फोनची रेंज गेली आणि चौकोनही गेले.

“डबा चांगला आहे,” ती खाली उतरत म्हणाली. तळहातावर गजाचा गंज लागला होता. “बिघाड राउटरमधे.”

“ह्या बाई पक्क्या संगाण्णाच्या लेक,” माणिकप्पा अव्वाकडे बघून म्हणाले. “वैनी, च्या टाका. आता ह्या काय उठत न्हाईत.”

तिने कंपनीच्या मदत केंद्राला गच्चीवर जाऊन फोन लावला. पंचवीस मिनिटं वाट पाहिल्यावर एका गोड आवाजाने सांगितलं, राउटर रीसेट करा. ती खाली आली तेव्हा माणिकप्पांनी राउटर भिंतीवरून काढून मांडीवर घेतला होता.

“मीबी तेच म्हनून राहिलो. हे बघा, मागं बारीक भोक हाय. पिन घालायची, धा सेकंद दाबायचं. सगळं पुसून कोरं. मंग झक्कत जोडतंय.”

अव्वाने पदराची पिन काढून दिली. घड्याळात पाच वाजले होते. मंजुश्रीने पिन सरळ केली, भोकावर टेकवली आणि थांबली.

“काय झालं?”

“पुसल्यावर पुन्हा काय काय भरावं लागेल, ते लिहिलेलं आहे कुठे?”

माणिकप्पांनी कपाळाला हात लावला. अप्पांचा तो दुसरा नियम होता आणि त्यासाठी माणिकप्पांनी आयुष्यभर बोलणी खाल्ली होती. पुसण्याआधी लिहून घे.

“त्यांची तक्रारवही असंल,” अव्वा म्हणाली. “कपाटात. हात लावला न्हाई मी.”

वही लाल बासनात नव्हती की काही नव्हती. दिनदर्शिकेच्या जाड पानाचं कव्हर घातलेली साधी दोनशे पानी वही होती. मंजुश्री पानं उलटत गेली. ‘डोईजोडे. पाऊस. कनेक्टर गंजला. बदलला.’ ‘मठ. माकडाने वायर ओढली. हाकललं, जोडली.’ ‘कस्तुराबाई. काही बिघाड नाही. रिमोट उलटा धरत होत्या.’ या ओळीखाली नंतर लिहिलं होतं, ‘घरी एकट्या. पुन्हा जाऊन बसणे.’ तिने पान उलटलं.

शेवटच्या पानावर राउटरच्या आत जायचं नाव आणि पासवर्ड होता. त्याखाली एक ते सोळा आकडे घातलेली यादी, आणि वरती चौकटीत: ‘यादीत नाही तो आत नाही.’

“हात्तिच्या!” माणिकप्पांनी मांडीवर थाप मारली. “ही यादी इसरलोच मी. पासवर्ड गल्लीतल्या शेंबड्या पोरालाबी पाठ झाला व्हता. समदे जोडायचे, कुनालाच चालायचं न्हाई. मंग अण्णानं ही शक्कल काढली. हरेक यंत्राला आपला आपला नंबर असतो. अण्णानं ज्याचा लिहिला, त्यालाच हा राउटर आत घेतो. बाकीचे भाईर.”

म्हणून पासवर्ड बरोबर असूनही ठोकळ्याला कोणी आत घेत नव्हतं. मंजुश्रीने फोनवरून राउटरचं पान उघडलं, ठोकळ्याचा नंबर त्यात भरला आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. यादी भरली होती. सोळाच जागा होत्या.

“एक नाव काढा, झालं,” माणिकप्पा म्हणाले.

ती वहीतली यादी वाचू लागली. १. कमल. २. मंजू. ३. माणिक. त्यापुढे मात्र घरचं कोणी नव्हतं. पंचाक्षरी मास्तर (पेन्शनचे कागद). मठ. कस्तुराबाई (मुलगा मस्कतला). हमीदचा मुलगा (बारावी). नायगावची सून (घरून काम). गोदामाचे हमाल, एक फोन, पाच जणांत. प्रत्येक नावापुढे कंसात कारण होतं. अप्पांना गिऱ्हाइकं उरली नव्हती आणि तरी त्यांनी शेवटपर्यंत तेरा घरांची लाइन चालवली होती.

“अप्पांचा फोन तर आता नाही,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ठीक वाटला. “त्यांचंच नाव काढते.”

तिने यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली आणि पुन्हा खालून वर. मग ते सोळाव्या ओळीवर थांबलं.

तिथे ‘मी’ लिहिलं होतं. त्यावर पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ होती आणि पुढे, त्याच पेनने: ‘ज्योत्स्ना (नर्सिंग, परीक्षा). दिवाळी.’

“ज्योत्स्ना म्हणजे?”

“मागच्या गल्लीतली. चाकूरहून दिलेली,” अव्वा म्हणाली. “दोन लेकरं पदरात, आन् शिकून राहिली. आली व्हती एकदा, नेटचं काहीतरी इचाराय. का गं?”

“दिवाळीपासून अप्पा फोनवर कुठे बसून बोलायचे?”

“गच्चीवर की. थंडीतबी. मी म्हनायचे, आत बसा, खोकला हाय. तर म्हनायचे, खाली लागत न्हाई मला, वर मोकळं बरं वाटतंय.”

मंजुश्रीने वही मिटली नाही. दिवाळीनंतर दर रविवारी अप्पांचा चेहरा फोनवर थिजायचा, ओठ अर्धवट उघडे राहायचे आणि शब्द मागून तुटक यायचे. मार्चमधल्या एका रविवारी ती वैतागली होती. ‘घरात वायफाय घेतलंय कशाला, अप्पा? खाली जाऊन बोला ना. काही कळत नाही तुमचं.’ ते हसले होते, निदान हसण्याच्या तयारीत थिजले होते. ‘बोलू नंतर,’ म्हणून तिने फोन ठेवला होता.

“माझं काढा,” माणिकप्पा म्हणाले. त्यांनीही वहीत वाकून पाहिलं होतं. ते पक्कड उगाच उघडमीट करत होते.

“तुम्ही रोज इथे येऊन बसता, काका. तुमचं राहू दे.”

“मंग माझं काढ,” अव्वा म्हणाली. “मला काय करायचाय फोन?”

“तुझं काढलं तर मी तुला बघू कशी?”

“यादीच बंद करून टाकू मंग,” माणिकप्पा म्हणाले. “समद्यांना येऊ द्या.”

“म्हणजे उद्या अव्वाची मालिका नुसती फिरत बसेल. आणि ज्योत्स्नाचा अभ्याससुद्धा.”

तिने दुसरी ओळ उघडली. जुना नंबर खोडला, त्या जागी ठोकळ्याचा नंबर एकेक अक्षर तपासून भरला आणि सेव्ह दाबलं. तिच्या फोनच्या माथ्यावरची वायफायची खूण विझली. तिने रिमोट उचलला. चाक फिरलं. अर्धा फेरा, पाऊण फेरा.

“बंतु!” अव्वा एकदम ओरडली. “आलं, आलं! थांब, पुढं नको जाऊ. माझ्या मालिकेची जाहिरात! ती बघ, ती निळ्या पातळाची. तिची सासू लई खट हाय.”

“मंग वैनी, आमच्या अण्णानं तुम्हाला काय कमी छळलं?” माणिकप्पा म्हणाले.

“त्यांनी कुठं! रिमोटच माझ्या हातात असायचा.” अव्वा हसली. मग पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि चहा गाळायला आत गेली. पण सातच्या आत परत येऊन पाटावर बसली, टीव्हीच्या अगदी जवळ, नेहमीसारखी.

मंजुश्रीने वहीतलं पेन काढलं. दुसऱ्या ओळीतल्या ‘मंजू’वर सरळ रेघ मारली, पुढे लिहिलं: ‘टीव्ही (कमल, सात वाजता).’ वही कपाटात जिथे होती तिथे ठेवली.

लातूरच्या हॉस्टेलवर मंजुश्रीची लेक वाट बघत असणार होती. शिकवणी सुटल्यावर शिवकन्याचा रोज सातला फोन यायचा, पण वायफायशिवाय तो आता खाली लागणार नव्हता. मंजुश्री फोन घेऊन गच्चीवर गेली. छत्र्यांच्या जागी सिमेंटमधे तीन गंजलेले गोल उरले होते. पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात, जिथे स्टेशनकडून उघडी हवा येते तिथे, अप्पांची लोखंडी खुर्ची होती. ती तिथेच असणार हे तिला चढतानाच ठाऊक होतं.

गच्चीला त्या बाजूला उतार होता. खुर्चीच्या एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवलेला होता, कडा घासून बरोबर मापाचा केलेला.

ती बसली. खुर्ची जरासुद्धा हलली नाही. खालून कानडी बोलणं ऐकू येत होतं. तिने फोन स्टेशनच्या दिशेने धरला आणि नंबर लावला.