आपल्या भागात प्रमाण कमी

बाबांनी दाराबाहेरच कोट काढला, जिन्याच्या कठड्यावर खसखसून झटकला, आणि मग शिंकांची जी माळ लागली ती समोरचं दार किलकिलं होईपर्यंत थांबली नाही.

"इमारत पाडताय की काय!" शेजारीण म्हणाली आणि दार लावून मोकळी झाली.

चिमी ओला टॉवेल घेऊन बाहेर आली. वयानं चाळिशी गाठली होती, चष्म्याच्या दुकानात सगळे तिला मॅडम म्हणत, पण बाबांच्या तोंडी ती चिमीच. तिनं टॉवेल पुढे केला. बाबांचे डोळे गुंजेसारखे लाल झाले होते. कठड्यावर कोटातून उडालेली पिवळी पूड बसली होती.

"कुठं गेला होतात?"

"फिरायला. मी दुसरं कुठं जाणार?"

शहराचा हवामान विभाग रोज सकाळी भागाभागातल्या परागकणांचं प्रमाण फोनवर कळवत असे. त्यांचा भाग नकाशावर हिरवा होता: प्रमाण कमी. असणारच. त्यांच्या गल्लीत झाड औषधालाही नव्हतं. तरी बाबा रोज दुपारी धडधाकट बाहेर पडत आणि संध्याकाळी नाक गळत परत येत.

शेवटी तिनं त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दंडावर निरनिराळ्या परागकणांचे थेंब टोचले. बाकीचे थेंब गप्प राहिले, एका ठिकाणी मात्र बटणाएवढी गांधी उठली.

"आजोबा, हे झाड आहे का कुठं तुमच्या जाण्यायेण्यात?" त्यांनी चित्र दाखवलं. रुपेरी सालीचं झाड, फांद्यांना लोंबते तुरे.

बाबांनी चित्राकडे धड पाहिलंही नाही. "झाडांतलं मला काय कळतंय? मी शिंपी माणूस."

चिमीनं पाहिलं, आणि ओळखलंही. तसली झाडं तिनं या शहरात एकाच ठिकाणी पाहिली होती. लग्नानंतर ती ज्या इमारतीत राहायची, तिच्या मागच्या अंगणात. घरी येऊन तिनं नकाशा उघडला. तो भाग लालभडक होता.

तिची मती गुंग झाली. शिवण उसवत जावी तसा तिचा संसार सुटत गेला होता. आरडाओरड नाही, तमाशा नाही. ती माहेरी परतली तेव्हा चिडले होते ते बाबाच. "त्या घराचं नाव या घरात निघता कामा नये," त्यांनीच बजावलं होतं. मग आता हे काय? हातापाया पडायला जातात? की भांडायला? की दोघांना परत एकत्र आणायचा घाट घातलाय? दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं एकाची डावी काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक पायरीवरून पडता पडता वाचलं. मालकांनी तिला अर्ध्या दिवसाची रजा दिली.

ती घरी गेली नाही.

अंगण पिवळं झालं होतं. तळमजल्याची मागची खिडकी उघडी होती, आणि आतून बाबांचं हसणं ऐकू आलं. असं पोटातून आलेलं हसणं तिनं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"विहीणबाई, पान लपवू नका."

"लपवीन नाहीतर खाईन! तुम्ही आधी नाक पुसा."

तिनं डोकावलं. तिच्या एके काळच्या सासूबाई प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून बसल्या होत्या. समोर बाबा, हातात पत्ते. दोघांच्या मध्ये टेबलावर चहाचे रिकामे कप.

"आत ये," सासूबाई मान न वळवता म्हणाल्या. "खिडकीतून काय बघतेस, चोर आहेस का?"

ती आत गेली, पण बसली नाही.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात, या घराचं नाव..."

"मग? घरात काढलं का मी नाव? एक अक्षर तरी बोललो?"

"मी पडले, तेव्हा यांना बाजारात कुणाकडून तरी कळलं," सासूबाई म्हणाल्या. "आले बघायला, ते येतच राहिले. काडीमोड तुम्ही दोघांनी घेतलात. आम्हा म्हाताऱ्यांना कुणी विचारलं होतं?"

"त्याला माहीत आहे?"

"छे! घर डोक्यावर घेईल तो. त्याची यायची वेळ झाली की व्याही पसार."

चिमीला राग आला होता, पण तो नक्की कुणाचा, हेच ठरेना. पर्सचा पट्टा हातात धरून ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सासूबाईंनी कोपरानंच बटण दाबलं, आणि खोलीत त्याचा आवाज आला.

"आई, दुखतंय का जास्त?"

"नाही रे. बरी आहे."

"कुणी आलंय का?"

"शेजारीण आहे. गप्पा मारतोय."

बाबांनी रुमाल तोंडात कोंबला. त्यांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा, आणि बांध फुटावा तशी शिंक फुटली. एकामागून एक.

"बाबा, सावकाश," चिमी बोलून गेली.

 पलीकडून गाड्यांची घरघर तेवढी येत राहिली.

"आई," तो जरा वेळानं म्हणाला, "शेजारणीला म्हणावं, मागची खिडकी लावून घ्या. झाडं फुललीत." मग थांबून, "मला आज उशीर होईल. निवांत बसा म्हणावं."

फोन बंद झाला.

सासूबाईंनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी हातातल्या पत्त्यांकडे.

"कमाल आहे," सासूबाई म्हणाल्या. "हा तर कधीच उशीर करत नाही."

चिमीनं खिडकी ओढून घेतली. तिची कडी अजूनही जरा वर उचलून लावावी लागत होती. ती वळली तेव्हा टेबलाशी एकच खुर्ची रिकामी होती, भिंतीकडची, त्याची. ती क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग पर्स काढून तिनं खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि बसली.